टेसरॅक्ट, मराठी ओसीआर आणि तारीख नसलेल्या सूचना

सुतारपक्षी (धागाकर्ता)

आमच्या गावच्या वाचनालयात १९३० ते १९६० च्या दरम्यानच्या मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत. कडा झडायला लागल्या म्हणून कार्यकारिणीने ते स्कॅन करून घेतले. स्कॅन उत्तम झालेत, पण ती नुसती चित्रं. अमुक लेखकाचा लेख कुठल्या अंकात आहे हे शोधायचं तर पान न पान चाळणं आलंच. तेव्हा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) करून पीडीएफमध्ये शोधता येईल असा मजकूर घालायचा, असं ठरलं. आणि 'याला संगणकातलं कळतं' या ख्यातीमुळे काम माझ्या गळ्यात आलं.

फुकट आणि मराठी येणारं म्हणून टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर निवडलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हे ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ च्या सुमारास सुरू झालेलं काम. पुढे दहा वर्षं ते नुसतं पडून होतं, २००५ मध्ये मुक्तस्रोत झालं, २००६ पासून गूगलने हात लावला आणि २०१८ मध्ये चौथ्या आवृत्तीत आतलं इंजिनच बदलून न्यूरल नेटवर्कचं आलं. हा इतिहास सांगण्याचं कारण पुढे येईलच.

उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) बसवायला काहीच त्रास नाही. मूळ पॅकेज आणि मराठीचं पॅकेज, झालं. त्यानंतर जे सुरू झालं ते क्रमाने सांगतो. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टंकायच्या अर्थातच रोमनमध्ये.)

स्कॅन पीडीएफमध्ये होते. ते दिले तर 'पीडीएफ रीडिंग इज नॉट सपोर्टेड'. बरं, हे पीडीएफ तयार करून देतं पण पीडीएफ वाचत नाही. पीडीएफटूपीपीएम नावाच्या प्रोग्रॅमने ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) चित्रं काढली. ठीक.

निकाल मात्र जेमतेम. शोधल्यावर कळलं की भाषेच्या फायलींचे तीन संच आहेत: साधा, 'फास्ट' आणि 'बेस्ट'. पॅकेजमधून येतो तो फास्ट. बेस्ट हळू चालतो पण अचूकता जास्त. मग मराठीची बेस्ट फाइल उतरवली, घरच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि टेसडेटा-प्रिफिक्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅम वाचतो अशी सिस्टिममधली नोंद) फोल्डरचा पत्ता दिला. एका प्रसिद्ध प्रश्नोत्तरांच्या जागी शेकडो मतं मिळालेलं उत्तर होतं, त्याबरहुकूम.

'कुडन्ट लोड एनी लँग्वेजेस.'

कारण असं की तिसऱ्या आवृत्तीपर्यंत त्या व्हेरिएबलमध्ये टेसडेटा (भाषेच्या फायलींचं) फोल्डर *ज्याच्या आत आहे* त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा असे. चौथ्यापासून खुद्द टेसडेटा फोल्डरचा द्यायचा. नाव तेच, अर्थ एक पायरी सरकलेला. ते उत्तर तिसऱ्या आवृत्तीच्या काळातलं. उत्तरात आवृत्तीचा उल्लेख नाही, कारण तेव्हा ती एकच आवृत्ती सगळ्यांकडे होती.

पत्ता दुरुस्त केला, मजकूर आला, आधीपेक्षा बराच बरा. आता शेवटी 'पीडीएफ' हा शब्द जोडून शोधता येणारी पीडीएफ मागितली. तर: 'रीड-पॅराम्स-फाइल: कान्ट ओपन पीडीएफ'.

यावर मी किती वेळ घालवला ते विचारू नका. मला वाटत होतं ते माझी पीडीएफ उघडू शकत नाहीये. पण मी पीडीएफ दिलीच नव्हती! शेवटी सोर्समध्ये डोकावलं तेव्हा उलगडा झाला. आज्ञेच्या शेवटी लिहितो तो 'पीडीएफ' हा पर्याय नाहीच. ते एका फायलीचं नाव आहे. टेसडेटाच्या आत 'कॉन्फिग्ज' नावाचं फोल्डर असतं, त्यात 'पीडीएफ' नावाची पिटुकली फाइल असते आणि तिच्यात 'पीडीएफ तयार कर' एवढीच सूचना असते. मी प्रिफिक्स बदलून माझं फोल्डर दाखवलं, तिथे फक्त मराठीची फाइल, कॉन्फिग्ज नाहीतच. ते फोल्डर नेऊन ठेवलं तर म्हणे 'पीडीएफ डॉट टीटीएफ' नावाचा फाँट सापडत नाही. तोही तिथेच लागतो.

मॅन्युअलमध्ये यातलं काहीच नाही असं म्हणणार नाही. 'कॉन्फिगफाइल' असा शब्द आहे, तिची व्याख्या आहे. पण भाषेची फाइल हलवली की बाकीचं बिऱ्हाडही हलवावं लागतं, हे वाक्य मला कुठे दिसलं नाही.

माझा मुद्दा असा. माहिती कमी असल्याचा मला फारसा राग नाही, कमी माहितीत माणूस धडपडून शिकतो. राग आहे तो कोणत्या आवृत्तीला लागू हे न सांगता पडून राहिलेल्या माहितीचा. ती चुकीचीसुद्धा नसते. कधीकाळी बरोबर होती, म्हणून तर तिला मतं मिळालीत, म्हणून ती शोधात वर येते आणि म्हणूनच ती जास्त वेळ खाते.

तुमचे अनुभव लिहा. उपाय माहीत असतील तर तेही.

साखरझोप

अगदी अगदी! आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं तेच. डबीतली पुस्तिका वेगळ्या मॉडेलची, पडद्यावरचा मेनू तिसऱ्याच मॉडेलचा. पुस्तिकेत 'सेटिंग्ज > नेटवर्क > ॲडव्हान्स्ड' म्हणतात आणि आमच्या पडद्यावर ॲडव्हान्स्ड नावाचं बटणच नाही. बसवायला आलेल्या मुलाने ती पुस्तिका उघडलीसुद्धा नाही, सरळ मित्राला फोन लावला.

टर्मिनलबाबा

तुम्ही लोक सुखात वाढलात. नव्वदच्या दशकात लिनक्सवर चित्रमय पडदा आणायचा तर एक्सफ्री८६ च्या फायलीत मॉनिटरच्या आडव्या-उभ्या कंपनसंख्या हाताने भराव्या लागत आणि कागदपत्रांत स्वच्छ बजावलेलं असे की आकडे चुकले तर मॉनिटर खराब होऊ शकतो. वाचावंच लागे.

आणि ईमेल पोचवणारं सेंडमेल! त्याची मूळ कॉन्फिग फाइल पाहिली तर मांजर कीबोर्डवरून चालत गेलंय असं वाटे. ती हाताने लिहू नये म्हणून एम४ नावाच्या मॅक्रो-भाषेत वेगळी फाइल लिहायची आणि तिच्यातून ही तयार करायची. म्हणजे कॉन्फिगरेशनचं कॉन्फिगरेशन. त्यावरचं पुस्तक पुढच्या आवृत्त्यांत हजार पानांच्या वर गेलं होतं.

पण एक सांगतो, युनिक्सची जुनी मॅन-पानं (मॅन्युअलची पानं) प्रामाणिक होती. पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. त्यातल्या पानांवर 'बग्ज' नावाचा रकाना आहे. आमच्या प्रोग्रॅममध्ये हे हे बिघडतं, असं लिहिणाऱ्याने स्वतःच लिहून ठेवायचं. आता तो रकाना कोण भरतं? सगळीकडे 'सुरुवात करणं अगदी सोपं आहे' आणि खाली रंगीत चित्र.

नाखवा

धर्माची गाय अन् दात का नाय?

फुकट मिळालंय. कोणीतरी संध्याकाळचा वेळ खर्चून हे चालवतंय. इतका त्रास झाला तर दुरुस्ती पाठवा, सगळं उघडं आहे. धागा काढायला लागला तेवढ्या वेळात ते एक वाक्य मॅन्युअलमध्ये घालून झालं असतं.

मोगरा

नाखवा, एका वाक्याचं एवढं सोपं असतं तर माझं पोट भरलं नसतं. :) मी पुण्यात हेच काम करते, सॉफ्टवेअरची कागदपत्रं लिहिण्याचं. दोन गोष्टी सांगते.

ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला 'पीडीएफ हे फायलीचं नाव आहे' यात सांगण्यासारखं काही दिसतच नाही. ती फाइल त्यानेच तिथे ठेवली. नवखा माणूस कुठे अडखळेल हे फक्त नवख्यालाच माहीत असतं, आणि अडचण सुटली की आठवड्याभरात तोही विसरतो. म्हणून मी नवीन रुजू झालेल्यांना पहिल्याच दिवशी आमचं सॉफ्टवेअर बसवायला सांगते आणि शेजारी वही घेऊन बसते. त्या वहीतून जे मिळतं ते इंजिनिअरांच्या बैठकीत कधीच मिळत नाही.

दुसरं. कागदपत्रं चार प्रकारची असतात, अशी मांडणी डॅनिएले प्रोसिडा यांनी केली आहे: हात धरून शिकवणारी, ठरावीक काम कसं करायचं ते सांगणारी, संदर्भाला लागणारी आणि 'हे असं का' ते समजावणारी. बहुतेक प्रकल्पांत तिसरा प्रकार भरपूर सापडतो, कारण तो थेट कोडमधून आपोआप काढता येतो. टेसरॅक्टला 'प्रिंट-पॅरामीटर्स' म्हणून बघा. शेकडो ओळी धडाधड वाहतात, प्रत्येक पॅरामीटरचं नाव, किंमत आणि पुढे अर्ध्या ओळीचं वर्णन. तांत्रिकदृष्ट्या सगळ्याची नोंद आहे. यातलं एकही मला *कधी* बदलायला लागेल, ते मात्र नाही.

तारखेच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. त्यात टेसरॅक्टची कागदपत्रं आधी गिटहब या कोड ठेवायच्या जागेच्या विकीवर होती, नंतर 'टेसडॉक' या वेगळ्या ठिकाणी गेली. जुन्या उत्तरांतले दुवे मात्र विकीकडेच बोट दाखवतात.

सुतारपक्षी

@नाखवा, दुरुस्ती पाठवेन, खरंच. पण फुकटपणाचा इथे संबंध नाही. लाखभर रुपये देऊन घेतलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मदत-पानं मी पाहिली आहेत, 'हे खाते निवडण्यासाठी खाते निवडा' अशा थाटाची. आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस पूर्ण फुकट आहे. त्याच्या कागदपत्रांच्या कुठल्याही पानावर जा, डोक्यावर आवृत्त्यांचे आकडे असतात. तुमच्याकडे तेरावी असेल तर तेरावर टिचकी मारायची, तेच पान त्या आवृत्तीचं उघडतं. जुनं पान उघडलं तर ही आवृत्ती आता सांभाळली जात नाही असा इशाराही मिळतो. ओपनबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमवाले मॅन-पानातली चूक ही प्रोग्रॅममधल्या चुकीइतकीच गंभीर मानतात. पैशापेक्षा हा शिस्तीचा आणि कुणाला कशात अभिमान वाटतो त्याचा भाग आहे.

@मोगरा, त्या शेकडो ओळींतल्या एकीची गंमत. ठरावीक अक्षरंच ओळख, असं सांगणारा 'व्हाइटलिस्ट' नावाचा पॅरामीटर आहे. मला पृष्ठक्रमांक वेगळे वाचायचे होते, म्हणून म्हटलं फक्त देवनागरी आकडे देऊ. ४.० मध्ये नवं इंजिन आलं तेव्हा त्यात हे चालत नव्हतं, ४.१ मध्ये २०१९ ला पुन्हा आलं. पण ४.० ला तो दिला तर ते तक्रार करत नाही. मुकाट्याने घेतं आणि मुकाट्याने दुर्लक्ष करतं. दिलेली सूचना मानणार नसाल तर निदान तसं सांगा की! कागदपत्रं अपुरी असतील तर एरर मेसेजने तरी बोलावं. दोन्ही गप्प बसले तर माणसाने जायचं कुठे?

आणि हो, माझ्या एका लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. त्यात टेसरॅक्ट आहे ४.१.१ आणि त्याच्या फोल्डरच्या पत्त्यात लिहिलंय ४.००. आवृत्ती शोधायला निघालेल्या माणसाला अजून काय हवं.

भिंगरी७२

दादा, तुम्ही थेट टेसरॅक्टशी कुस्ती का खेळताय? ओसीआरमायपीडीएफ वापरा. आत टेसरॅक्टच चालतं, पण पीडीएफ सरळ देता येते. पानं सुटी करणं, वाकडी पानं सरळ करणं, मजकुराचा थर घालून पुन्हा जोडणं, सगळं तेच करतं. भाषा 'एमएआर', सरळ करायला 'डीस्क्यू', मजकूर वेगळ्या फायलीतही हवा असेल तर 'साइडकार'. आणि त्याची कागदपत्रं खरोखर चांगली आहेत, 'अमुक अडचण आली तर तमुक करा' अशा पद्धतीने लिहिलेली.

एक इशारा मात्र देते, हा मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये मिळाला नाही. मराठीतला 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक, पायाखाली नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून. दुसरा, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा शून्यरुंदी जोडक घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात. ओसीआरने एक प्रकार काढला आणि तुमचा कीबोर्ड दुसरा टंकत असला तर 'सह्याद्रीच्या दऱ्या' शोधल्यावर शून्य निकाल. आम्ही साइडकारच्या मजकुरावर छोटी स्क्रिप्ट चालवून सगळं एका रूपात आणतो आणि शोध तिथेच घेतो.

टर्मिनलबाबा

हे ऱ्याचं भारी आहे. मी आजवर समजत होतो शोध बिघडलाय.

सुतारपक्षी

@भिंगरी७२, मनापासून आभार. लगेच लावून पाहिलं. पॅकेजच्या मराठी फायलीवर झकास चाललं. मग बेस्टसाठी प्रिफिक्स माझ्या फोल्डरकडे वळवला तर पुन्हा तेच 'कान्ट ओपन पीडीएफ'! कारण तेही आतून टेसरॅक्टला त्याच कॉन्फिग फायली मागतं. पण आता दुखणं ओळखीचं होतं.

पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतो. *टेसरॅक्ट ४.१.१, उबुंटू २२.०४. इतर आवृत्तीवर असाल तर आधी 'टेसरॅक्ट --व्हर्जन' देऊन खात्री करा.* सर्वांत सोपं म्हणजे सिस्टिमचं अख्खं टेसडेटा फोल्डर घरच्या फोल्डरमध्ये नकलून घ्या, मग त्यातली मराठीची फाइल काढून तिच्या जागी बेस्टची ठेवा आणि प्रिफिक्समध्ये या नव्या फोल्डरचाच पत्ता द्या. कॉन्फिग्ज, फाँट, पानाची दिशा ओळखणारी 'ओएसडी'ची फाइल, सगळं आपोआप सोबत येतं. आणखी एक. इंजिन निवडायच्या पर्यायात शून्य दिलं तर जुनं इंजिन चालतं असं वाचाल, पण ते फक्त साध्या संचावर. बेस्ट आणि फास्टमध्ये जुन्या इंजिनाचा भागच नाही.

नाखवा

हे झकास झालं. आता हेच इंग्रजीत करून त्यांच्याकडे पाठवा, मग माझं तोंड बंद.

रानजाई

उशिरा वाचला धागा. जुन्या मराठी नियतकालिकांवर हेच काम करतो, म्हणून थोडी भर.

खिळे जुळवून छापलेल्या पानांकडून आजच्या पुस्तकाइतक्या अचूकतेची अपेक्षा ठेवू नका. या फायली मुख्यतः संगणकावरच्या फाँटांत मजकूर उमटवून शिकवलेल्या आहेत. जुन्या छपाईत झिजलेला खिळा, तुटलेली मात्रा, शाई भरून बुजलेला अनुस्वार असतो, मागच्या पानाची छपाई पुढे उमटलेली असते. स्कॅन करड्या छटांत असेल तर ठेवा, काळं-पांढरं करून बारीक टिंबं घालवू नका. अनुस्वार त्यातच जातात.

मराठीच्या फायलीऐवजी 'स्क्रिप्ट/देवनागरी' नावाची लिपीची फाइलही करून बघा. तिचं पॅकेज वेगळं आहे. संस्कृत श्लोक आणि मध्येच इंग्रजी शब्द असलेल्या पानांवर मला ती काही वेळा बरी वाटली. सरसकट बरी असं नाही, चार पानांवर दोन्ही लावून तुलना करा आणि मग ठरवा.

खरा फरक पडतो तो पानाची मांडणी सांगणाऱ्या पीएसएम आकड्याने. ० ते १३ असे चौदा प्रकार आहेत, न सांगितल्यास ३ धरला जातो. एकाच स्तंभाचा लेख असेल तर ४, सलग ठोकळा असेल तर ६. दोन स्तंभांच्या पानाला ६ दिलात तर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटेल आणि कथेत मध्येच पाककृती येईल.

साखरझोप

कथेत पाककृती वाचायला मला आवडेल. :))

सुतारपक्षी

रानजाई, अनुस्वारांचं आधी कळलं असतं तर! पहिले काही खंड काळ्या-पांढऱ्यातच आलेत. पुढचे करड्यात मागवतो.

एक शंका. आमच्या खंडांत सुरुवातीला आणि शेवटी जाहिरातींची पानं आहेत. केशतेल, सोनामुखीची गोळी, नाटक कंपनीचे दौरे. इतिहासवाल्यांना तीच जास्त हवी असतात. पण तिथे अक्षरं कुठेही, कुठल्याही आकाराची. सगळ्या अंकाला एकच पीएसएम दिला तर एकतर लेख बिघडतात नाहीतर जाहिराती.

रानजाई

दोन फेऱ्या करा. ओसीआरमायपीडीएफला 'पेजेस' हा पर्याय आहे. पहिल्या फेरीत फक्त जाहिरातींच्या पानांचे क्रमांक द्या आणि 'टेसरॅक्ट-पेजसेगमोड' ११ ठेवा. ११ म्हणजे विखुरलेला मजकूर, क्रम न बघता जिथे मिळेल तिथून उचलतो. बाकीची पानं तशीच पुढे येतात. मग त्या नव्या पीडीएफवर दुसरी फेरी, आता पेजेस न देता लेखांना हवा तो पीएसएम आणि जोडीला 'स्किप-टेक्स्ट'. ज्या पानांवर मजकुराचा थर आधीच आहे त्यांना तो हात लावत नाही, म्हणजे जाहिराती सुरक्षित राहतात.

साइडकार मात्र दोन निघतील, दोन्ही फेऱ्यांची. त्या जपून वेगळ्या नावांनी ठेवा, नाहीतर दुसरी पहिलीवर लिहिली जाईल. 'डीस्क्यू'सुद्धा पहिल्याच फेरीत सगळ्यांना लागेल असं धरू नका. आधी एका अंकावर करून बघा, मग रांगेत लावा.

सुतारपक्षी

हे दोन पर्याय एकत्र वापरायचे हे कुठे सापडलं तुम्हाला?

रानजाई

कुठेच नाही. दोन्ही पर्याय नीट लिहिलेले आहेत, आपापल्या जागी. आमच्याकडे एक दिवाळी अंक आला होता, अर्धा जाहिरातींनीच भरलेला. त्याच्यावर करता करता जमलं.

सुतारपक्षी

आज रात्री एका खंडावर लावून ठेवतो. लॅपटॉप जुना आहे आणि बेस्ट हळू चालतं, सकाळपर्यंत झालं तर ठीक. निकाल इथेच टाकतो. भिंगरीताई, ती ऱ्या एकरूप करणारी स्क्रिप्ट देता येईल का?

भिंगरी७२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पायथन ३ वर चालते. आधी फायलींची नक्कल काढून ठेवा, ती मूळ फायलीतच बदल करते.